उंडीचं तेल

देवीने कौल दिला तो असा: धाकूला अग्नी द्या, त्याचं लाडकं वाद्य त्याच्याबरोबर जाऊ द्या, पण वाद्यातलं लोखंड आधी काढून घ्या.

देवीला काय, ती देवळात बसून फूल पाडते आणि मोकळी होते. लोखंड काढायचं कुणी, आणि ते निघालं की कुणाच्या कपाळावरचं काय पुसलं जाणार, याची तिला फिकीर नसते. भाट्याच्या गुरवाने पाषाणाला ओली फुलं चिकटवून एकेक प्रश्न घातला. बारा वर्षं झाली, पोराचं करायचं का? उजवं फूल पडलं. वाद्य पुतळ्याबरोबर ठेवायचं का? उजवं. लोखंडासकट? तेव्हा मात्र डावं पडलं, आणि आप्पा मान हलवत घरी आले. त्यात नवल काही नव्हतं. बाळंतिणीच्या उशाखाली आपण कोयता ठेवतो तो कशाला? लोखंड वाटेत असलं की जिवाला ओलांडता येत नाही. बाहेरच्याला आत येता येत नाही, तसं आतल्याला बाहेर जाता येत नाही.

"सगुणा, माळ्यावरची ती सतार काढ गो," आप्पा पडवीत टेकत म्हणाले. "अवसेच्या आधी तिच्यातलं लोखंड सुटायला पायजे. तुज्या बापाचा हात तुज्यात हाय. दुसऱ्या कुणाला जमायचं नाय ते."

सगुणा चुलीपुढे भात वेळत होती. कढत पेज हातावर सांडली, तरी तिने हूं की चूं केलं नाही. "काढते," एवढंच म्हणाली. सासऱ्यापुढे दुसरं काय म्हणणार?

धाकू हा आप्पा आणि येसूबाईचा एकुलता एक मुलगा, सगुणेचा नवरा. आगबोटीवर खलाशी होता. पंचवीस साली तो सुटीवर घरी आला तेव्हा बगलेत हे धूड घेऊन आला. बोटीवरच्या एका गोवेकराने त्याला वाजवायला शिकवलं होतं आणि नावही सांगितलं होतं, गितार. गावाने ते नाव एका दिवसात मोडीत काढलं. मांडीवर आडवी घेऊन वाजवायची, म्हणून धाकूची आडवी सतार. डाव्या हातात बोटाएवढी पोलादाची कांडी धरून तो ती तारांवरून सरकवायचा, आणि तार अशी काही गळा काढायची की शेजारची म्हातारी माणसं म्हणायची, अरे, हे गाणं आहे की कुणाचं मयत? सगुणेला मात्र ते ऐकताना आपण दर्यावर तरंगतोय असं वाटायचं. नवं लग्न, वय सतरा-अठरा. त्या वयात कशानेही तरंगायला होतं म्हणा.

वाजवून झालं की धाकू कोंबडीचं पीस उंडीच्या तेलात बुडवायचा आणि खुंट्या, त्यांची दातेरी चाकं, पितळी पट्ट्या, पेचांची डोकी, सगळं हळूहळू माखायचा. "खारा वारा हाय," म्हणायचा. "चार दिवस तेल चुकलं तर गंज चढेल." उंडीचं तेल म्हणजे मचव्यांच्या फळ्यांना लावतात ते, कडू, उग्र वासाचं. दुसऱ्या बाईने नाक धरलं असतं. सगुणेच्या डोक्यात मात्र तो वास आणि नवरा हे एकच होऊन बसले.

त्याच वर्षी कार्तिकात बोट गाठायला म्हणून तो मचव्यातून मुंबईला निघाला आणि वादळ झालं. मचव्याच्या फळ्या जयगडच्या खडकांना लागल्या. तांडेल किनाऱ्याला लागला, आणखी एक जण लागला. धाकू लागला नाही. ज्याचं प्रेत मिळालं नाही त्याची बारा वर्षं वाट बघायची, मग पळसाच्या काटक्यांचा पुतळा करून जाळायचा, ही रीत. तोवर बायकोने कुंकू लावायचं. तर सगुणा बारा वर्षं कुंकू लावत होती, पण ते उसनं आणलेलं असावं तसं. हळदीकुंकवाला बायका तिला बोलवत आणि ती आली की एकमेकींकडे बघत. सवाशीण म्हणावी तर नवरा कुठे आहे, विधवा म्हणावी तर मंगळसूत्र गळ्यात. तिला त्याचं काही वाटत नसे असं नाही, पण तिच्याकडे एक आधार होता.

तो आधार म्हणजे ती कांडी. धाकू गेल्यावर तिने सतार फडक्यात बांधली तेव्हा कांडी कुठेच नव्हती. तिने चूल उकरली, मडकी पालथी घातली. नव्हतीच. म्हणजे तो बरोबर घेऊन गेला होता. दर्यावर जाणाऱ्याची एखादी जिवाची वस्तू घरातल्या बायका मागे ठेवून घेतात, म्हणजे त्याला परतावंच लागतं. इथे सतार घरी आणि कांडी त्याच्या खिशात. एकाशिवाय दुसरं मुकं. माणूस परत यायचं ठरवून गेल्याशिवाय असं करील का? कुणी गलबतवाल्याने उचललं असेल, कुठल्या मुलखात नेलं असेल, डोक्याला मार लागून नाव-गाव विसरला असेल. अशी माणसं परत आल्याच्या गोष्टी बंदरावर काय कमी ऐकू येतात? बारा वर्षं ती बाई त्या कांडीवर उभी होती.

आणि आता गणपती गेले होते, पितरांचा पंधरवडा लागला होता. सर्वपित्रीच्या अवसेला पुतळा जळणार आणि दुसऱ्या दिवसापासून सगुणा विधवा.

सतार खाली आली तेव्हा तिची दशा बघवत नव्हती. लाकूड तेवढं शाबूत. पितळेवर हिरवा कळक, लोखंडावर लाल पापुद्रे, पेचांच्या डोक्यांतल्या खाचा गंजाने भरून सपाट झालेल्या. तारा केव्हाच तुटल्या होत्या, सगळ्यात जाड एक तेवढी ताणून राहिली होती. आप्पांनी एका खुंटीला हात घालून बघितला. ती हलायचं नाव घेईना.

"बापरे," आप्पा म्हणाले. "हे सुटायचं का गो?"

"सुटेल," सगुणा म्हणाली. "वेळ लागेल."

ती खोटं बोलत नव्हती. तिचा बाप खाडीच्या तोंडाशी जुने मचवे मोडायचा. फळ्या मोडणारे पुष्कळ असतात. हा कड्या, बिजागऱ्या, खिळे न तोडता काढायचा आणि ते पुन्हा नव्या मचव्याला लागायचे. सगुणा लहानपणी त्याच्या शेजारी बसून हे शिकली होती. आधी काथ्याने पापुद्रे खरवडायचे. पितळेवर बिंबलाची फोड चोळायची, आंबट रसाने कळक सुटतो, मग राखेने घासून धुवायचं. लोखंडाला पाणी दाखवायचं नाही. त्याला तेल पाजायचं, पिसाने, थेंब थेंब, आणि वाट बघायची. मग तापल्या सळईचं टोक पेचाच्या डोक्याला टेकवायचं, वर हलके टोले द्यायचे. आणि शेवटी पेचकस लावला की लगेच उलटा फिरवायचा नाही. "आधी कणभर आवळ," बाप म्हणायचा. "धरून बसलाय त्याला आधी वाटू दे, आपण धरतोय. मग सोडेल तो."

तेव्हा सगुणेला गंज काढता येत होता. आणि ज्याला काढता येतो त्याला चढवताही येतो.

दिवसभर आप्पांच्या डोळ्यांदेखत ती पडवीत बसून घासायची. बिंबलं चिरायची, राख चाळायची, तेल सोडायची. आप्पांनी पाहुण्यांना निरोप धाडले, पळसाच्या काटक्या आणून वळचणीला ठेवल्या. आणि तिन्हीसांजेला आप्पा देवळाकडे गेले की सगुणा करवंटी घेऊन खाडीवर जायची, भरतीचं खारं पाणी आणायची आणि पिसाने ते पेचांच्या मुळाशी सोडायची. तेल पुसून, मग पाणी. सकाळपर्यंत लोखंड पुन्हा लाल व्हायला तेवढं पुरे. मग हात राखेने, काथ्याने खसाखसा धुवायचे आणि पानं वाढायला बसायचं. अवस टळली की टळली. पुढचा पितरपाख पुढच्या वर्षी, आणि वर्षभरात माणूस कुठून कुठून परत येतो. पाप वाटत नव्हतं का? वाटत होतं. आप्पांचे हात हल्ली कापत, ते दर दोन दिवसांनी म्हणत, "मी गेल्यावर त्याला पाणी कोण घालील?" ते ऐकून तिला गलबलून यायचं. पण जित्या नवऱ्याला जाळायचं म्हणजे काय, हे त्यांना कोण सांगणार?

येसूबाई हे सगळं ऐकत पडलेली असायची. सासूचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने गेले होते आणि गुडघ्यांनी जागा धरली होती. माजघरातल्या घोंगडीवर बसून ती दिवसभर गुडघ्यांना उंडीचं तेल चोळायची. तिच्या उशाशी तेलाची बाटली कायम. सुनेच्या कामावर तिने चांगलं-वाईट काही म्हटलं नाही. धाकूचं नाव निघालं की ती तोंड भिंतीकडे करायची.

पहिली सकाळ उजाडली. सगुणा सडा घालून पडवीत आली आणि जागच्या जागी उभी राहिली. संध्याकाळी खारं पाणी पाजलेला पेच लख्ख होता. गंज नव्हता, मिठाचा पांढरा कण नव्हता. खाचेत तेलाचा थेंब उभा होता आणि उंडीचा वास येत होता.

तिला वाटलं आपणच काल पाणी घालायला विसरलो. त्या संध्याकाळी तिने जास्तच घातलं, वर मिठाचा खडा विरघळवून. सकाळी दोन पेच स्वच्छ, आणि शेजारी सतारीवर कोंबडीचं पीस आडवं ठेवलेलं. धाकू ठेवायचा तसं, टोक खुंटीकडे करून.

सगुणेच्या अंगावर सरसरून काटा आला, आणि काय सांगावं, त्या काट्यात आनंदही होता. बारा वर्षांनी घरात त्याचा हात फिरला होता. ती त्या दिवशी वेड्यासारखी वागली. दुपारी आप्पा झोपल्यावर सतारीपाशी बसली आणि तिच्याशी कुजबुजत बोलली, घरात काय काय झालं ते. कोकमाचं झाड पडलं, तांबडी गाय गेली, तुमच्या आयशीचे डोळे गेले. बोलता बोलता ती राहिलेली जाड तार आपोआप वाजली. एकदाच, खालच्या सुरात, लांबवर. खुंटी सैल होऊन तार घसरली की ती अशी वाजते, हे सगुणेला ठाऊक होतं. तरी तिने पदर तोंडात कोंबला.

आनंद दोन दिवस टिकला. मग भाजी चिरताना तिच्या मनात आलं ते असं, की हातातली विळी खाली ठेवावी लागली. जिता माणूस दारातून येतो. "सगुणा, पाणी दे," म्हणतो. अंधारातून येऊन पेचांना तेल लावून जातो तो कोण? आणि तो गंज काढत होता, म्हणजे त्याला काय हवं होतं? ती त्याला धरून ठेवायला रोज मीठ घालत होती आणि तो सुटायला रोज ते पुसत होता. ती इतकी वर्षं परत ये, परत ये म्हणत होती, आणि तो तिला सोड, सोड म्हणत होता. तिला रडू आलं, आणि त्याचा रागही आला. जायचंच होतं तर कांडी कशाला नेलीस?

राग आला तरी तिने खारं पाणी सोडलं नाही. उलट हट्टाला पेटली. रोज संध्याकाळी पाणी, रोज सकाळी तेल. एकेक पेच मोकळा होत गेला. आप्पा बघून खूश व्हायचे, पेचकस लावायचे, पेच लोण्यातून निघावा तसा निघायचा. "बापाची लेक शोभतेस," म्हणायचे. ती खाली मान घालून उभी राहायची. खुंट्या निघाल्या, चाकं निघाली, जाड तार गुंडाळून टोपलीत गेली. अवस परवावर आली तेव्हा एकच पेच उरला होता, तारा जिथे बांधतात त्या लोखंडी पट्टीचा, सगळ्यात खोल गेलेला.

त्या संध्याकाळी सगुणेने ठरवलं, बघायचंच. माणूस गेल्यावर दिव्याखाली पीठ पसरून ठेवतात आणि सकाळी त्यात पाऊल कुणाचं उठलं ते बघतात, तसं तिने चुलीतली राख चाळणीने चाळून सतारीभोवती आणि उंबऱ्यापर्यंत पातळ पसरली. पेचावर खारं पाणी घातलं, हात धुतले आणि माजघरात सासूच्या पलीकडे आपल्या चटईवर आडवी झाली. जागी राहायचं मनात होतं, पण दिवसभराच्या कष्टाने डोळा लागला.

उजाडताच ती धावली. पेच लख्ख होता. राखेत पावलं होती.

पावलं आतून बाहेर आली होती आणि बाहेरून आत गेली होती. लहान पावलं, बाईची. दोन्ही पायांच्या दुसऱ्या बोटापाशी राखेत गोल खळी पडलेली, जोडव्याची. येसूबाईचे पाय सुजलेले, तिने जोडवी कधीच काढून ठेवली होती, आणि तिला धरल्याशिवाय उठताही येत नव्हतं. घरात जोडवी घालणारी बाई एकच. सगुणेने आपलं पाऊल उचलून हळूच राखेतल्या पावलावर ठेवलं. ते त्यात बसलं.

तिने नखं बघितली. काळी. नेसूच्या पदराची आतली कड उलटून बघितली. तिथे गंजाचे तांबूस डाग होते, पुसून पुसून पडलेले, एका रात्रीचे नव्हेत. ती तिथेच खाली बसली.

"आज कळलां होय गो तुला?" आतून येसूबाई म्हणाली.

सगुणा उंबऱ्याशी सरकली. बाहेर कावळे ओरडत होते, आप्पा विहिरीवर होते, चांगलं उजाडलं होतं. "आये, तुमाला ठावूक होतां?"

"डोळे गेलेत, नाक नाय गेलां माजां." येसूबाई भिंतीला टेकून बसली. "तिन्हीसांजेला तू पान वाढतेस तेव्हा तुज्या हाताला खाडीचा वास येतो. कितीबी राख लाव. आणि सकाळी पेज देतेस तेव्हा उंडीचा. मी पैल्या दिवशीच समजले. रोज उठतेस तू. माज्या अंगावरून जातेस. हाक मारली तर ओ देत नायस."

"मग तुमी मला जागं का नाय केलंत?"

"कसा करू? तू बोलत असतेस गो त्याच्याशी."

"काय बोलते मी?"

म्हातारीच्या पांढऱ्या बुबुळांतून पाणी गळत होतं आणि ती ते पुसत नव्हती. "नावानं हाक मारतेस त्याला," ती म्हणाली. "जागेपणी कंदी मारली नायस ती. म्हणतेस, धाकू, थांब रे, झालंच. एवडा एकच राह्यलाय. झालंच हां."

सगुणा रडली. बारा वर्षांत लोकांदेखत रडायची सोय नव्हती, रडावं तर मेला असं कबूल केल्यासारखं, न रडावं तर बाई दगड आहे म्हणायला लोक मोकळे. आता ती सासूच्या सुजलेल्या पावलांवर डोकं ठेवून पोटभर रडली. येसूबाई तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

"सोड आता त्याला," येसूबाई म्हणाली. "पोर पाण्यात हाय गो माजा. बारा वर्षां ओला हाय. शेक लागू दे त्याला."

सगुणा उठली. पदराने तोंड पुसलं, राख झाडून काढली, पेचकस घेतला आणि आप्पांना हाक मारली. आप्पा ओलेते आले आणि काही न विचारता समोर बसले. तिने पेचकस खाचेत बसवला. हाताला सवय होती, पण आज तो जागेपणी लावायचा होता. तिने आधी कणभर आवळला. आवळतानाच तिला कळलं की आपण हे शेवटचं धरतोय, म्हणून ती तशीच थोडा वेळ थांबली. मग उलटा फिरवला. पेच कुरकुरला आणि सुटला.

"धाकू," ती म्हणाली, सासऱ्यासमोर, मोठ्याने. "झालं."

आप्पांनी मान फिरवली.

अवसेला भाट्याच्या वाळूत पुतळा जळला. पळसाच्या काटक्या, वर दर्भ, नारळ डोक्याच्या जागी, आणि छातीवर सतार. जुनं लाकूड सुकं होतं, भरकन पेटलं. सगुणेचं मंगळसूत्र आणि बांगड्या तिथेच निघाल्या. शेजारणीने कपाळ पुसलं तेव्हा सगुणा स्थिर होती. तिला इतकंच वाटलं की त्याला आता ऊब लागत असेल. मग लोखंडाची टोपली घेऊन आप्पा होडीत बसून खाडीच्या तोंडाशी गेले. जाताना त्यांनी टोपलीत हात घालून बघितलं होतं. "खुंट्या हायत, पेच हायत, पट्टी हाय," ते म्हणाले होते. "ती कांडी तेवडी नाय. देवीनं सगळां लोखंड म्हटलंय."

"ती त्यांच्याबरोबर गेली," सगुणा म्हणाली. "तेव्हाच."

येसूबाईला उचलून वाळूवर आणून बसवलं होतं. तिने तोंड फिरवलं.

त्यानंतर सगुणा रोज झोपली की सरळ सकाळीच उठू लागली. येसूबाई पेज घेताना तिचा हात धरायची, नाकाशी न्यायची आणि सोडायची. हाताला राखेचा वास, भाताचा वास, दुसरा कसलाच नाही. घर इतकं शांत झालं होतं की सगुणेला पडवीत जायला नको वाटायचं.

चार-सहा दिवसांनी कडक ऊन पडलं तेव्हा तिने अंथरुणं उन्हात टाकायला काढली. येसूबाईला धरून पडवीत नेऊन बसवलं, घोंगडी झटकली, गोधडी दांडीवर टाकली. उशी उचलली ती एका बाजूला जड लागली. तिने शिवण चाचपली. एका टोकाला टाके नव्हते, नुसती चिंधी कोंबली होती. चिंधी ओढली तशी तेलकट फडक्यात गुंडाळलेली कांडी तिच्या हातात आली.

आरशासारखी चकचकीत होती ती. खाडीकाठच्या घरात विळी आठ दिवस तशीच ठेवली तर लाल होते. बारा वर्षं लोखंड असं ठेवायचं तर काय करावं लागतं हे सगुणेइतकं त्या गावात कुणाला ठाऊक नव्हतं. एकही दिवस चुकवता येत नाही. तिला बारा वर्षांच्या संध्याकाळी आठवल्या, उशाशी बाटली, आणि "गुडघे ठणकतात गो" म्हणत भिंतीकडे तोंड करून चोळत बसलेली म्हातारी. ते तेल गुडघ्यांना किती लागत होतं आणि ह्याला किती?

धाकू निघाला त्या दिवशीच येसूबाईने ती काढून ठेवली असणार, पोर परत यावं म्हणून. आणि सगुणा समजत होती तो घेऊन गेला. ह्या कांडीवर तिने आपली सगळी उमेद घालवली होती. तिला असा संताप आला की वाटलं, आत्ता ओरडावं, आप्पांना दाखवावं, खाडीत भिरकावून द्यावं. सोड म्हणाली होती ना ही मला? शेक लागू दे म्हणाली होती ना? मग हे काय उशीत? देवी म्हणाली होती सगळं लोखंड. हे घरात आहे तोवर तो गेलाय की नाही कोण जाणे.

"सगुणा," पडवीतून येसूबाईचा आवाज आला. "उशी राहू दे गो. उशी नको टाकू उन्हात."

सगुणा कांडी हातात धरून उभी राहिली. ती कोमट होती, डोकं ठेवून ठेवून. तिने ती फडक्यात गुंडाळली, उशीत सरकवली, चिंधी कोंबली आणि उशी होती तिथे ठेवली.

"नाय टाकत, आये," ती म्हणाली.

मग तिने उशाची बाटली उजेडात धरून बघितली. तेल तळाला गेलं होतं. ती कोनाड्याकडे गेली, डबा काढला, एक थेंब न सांडता बाटली गळ्यापर्यंत भरली आणि आंधळ्या हाताला सापडेल अशी पुन्हा उशाशी ठेवली.